पाहुण्यांची रांग

१९ फेब्रुवारी

बारके,

धाकट्या बहिणीला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद लिहायचा असतो. लिहिला असं समज. आज हात वळेना.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय आणि इतक्यात काढणार नाही. म्हणून हे पत्र. आपल्या, म्हणजे आता तुझ्या, घराच्या पत्रपेटीत मी स्वतः येऊन टाकेन, आणि तेही तू लॅबमध्ये असशील तेव्हा. समोर आलीस तर मी काहीतरी लागट बोलेन, तू रडशील, आणि संध्याकाळी आईचा फोन येईल की लहान आहे गं ती, कशाला रडवलंस. तू बत्तीस वर्षांची आहेस. अजून किती दिवस लहान राहणार आहेस, कोण जाणे.

मी ठीक आहे. बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. घरमालकीणबाई एकट्या असतात, मुलांना गाणं शिकवतात. खोलीत एक खाट, एक टेबल, एक खिडकी. टेबल हलतं, पण एका पायाखाली पुठ्ठा घातला की मेणाचं काम होतं.

त्या दिवशी मी भांडी आपटून निघून आले ती आपल्या म्हाताऱ्या मालकावर चिडून नव्हे, तुझ्यावर चिडून. त्याने आपल्या दोघींना समोर उभं केलं आणि सांगितलं की ह्या वर्षी सरकार दातांच्या छोट्या लॅबला परदेशी माणसाचा एकच परवाना देतंय. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या हाताला तोड नाही." तेव्हाच मी ओळखलं. मालक हाताचं कौतुक करायला लागला की त्या हातात नारळ पडणार. तुला स्कॅनर चालवता येतो, संगणकावर दात आखता येतो, म्हणून तू राहणार. मी नऊ वर्षं मेणात दात कोरले, ह्या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात माझ्या हातच्या कवळ्या आहेत, म्हणून मी जाणार. आणि तू? मूग गिळून उभी. तुला ह्या देशात आणलं कोणी? म्हाताऱ्याच्या मागे लागून तुला कामावर घ्यायला लावलं कोणी? मेणाची सुरी कशी धरायची ते तुला कोणी शिकवलं?

मला तुझा हेवा वाटतो. घे, लिहिलं. लिहिल्यावर मोकळं वाटतं म्हणतात, मला तर आणखीच झोंबलं.

पण मी काही चंबूगबाळं आवरून घरी जाणार नाही. अकरा आणि बारा एप्रिलला स्वतंत्र परवान्याची परीक्षा आहे, ती देणार. पास झाले की कुठल्या म्हाताऱ्याच्या सहीची गरज नाही. स्वतःच्या नावावर इथे राहायचं, स्वतःच्या नावाची पाटी लावायची. अडचण एवढीच की माझं राहण्याचं कार्ड फेब्रुवारीअखेर संपतंय आणि परीक्षेला बसायला देशात कायदेशीर असावं लागतं. परवाना कचेरीच्या खिडकीतल्या बाईने तोड सांगितली. आपल्या पासपोर्टला इथे पाहुणा म्हणून तीन महिने व्हिसा लागत नाही. सीमेपलीकडे जायचं, राहण्याचं कार्ड परत करायचं आणि पर्यटक म्हणून परत यायचं. काम करायचं नाही, बाकी काहीही करा.

तर मी जातेय पर्यटक व्हायला. तू स्कॅनर पूस.

ताई


२७ फेब्रुवारी

बारके,

झालं माझं काम. काल सीमेवर जाऊन आले.

सकाळच्या बसने गेले. पुलाच्या अलीकडे सगळ्यांना उतरवतात. पलीकडे गेले, एक चहा घेतला, लगेच मागे फिरले. परत येताना कोण भेटलं असेल ते तुला कळलंच असणार. आपला डिलिव्हरीवाला. पलीकडच्या दवाखान्यांना दात पोचवून येत होता. मला बघून लांबूनच ओरडला, "मॅडम, तुम्ही इकडे कुठे?" मी म्हटलं, फिरायला. मग चालता चालता त्याने तुझं पुराण लावलं. छोट्या मॅडमनी नवीन मशीन काय पटकन उचललं, छोट्या मॅडमनी घरात नवा दिवा लावला, छोट्या मॅडमना मालक स्वतः कॉफी आणून देतो. नऊ वर्षांत मला त्या म्हाताऱ्याने पाणी विचारलं नाही.

तिथे दोन दारं आहेत. एक रहिवाशांचं, कार्ड मशीनवर ठेवलं की आत. दुसरी पाहुण्यांची रांग. बॅगा, रडणारी पोरं, हातात टोप्या घेतलेली माणसं, रांग पार शेडच्या बाहेर. डिलिव्हरीवाला रहिवाशांच्या दाराकडे वळला, मीही वळले. माझं कार्ड उद्यापर्यंत चालू आहे. मी काय म्हणून उन्हात उभी राहू? कार्ड ठेवलं, हिरवा दिवा लागला, आत आले. खिडकीतली बाई बाहेर जाऊन परत या म्हणाली होती, गेले, आले. उद्या कार्ड संपलं की मी आपोआप पाहुणी.

तो येऊन सांगेलच तुला की मोठ्या मॅडम रुबाबात आल्या. सांगू दे.

ताई


१२ मार्च

बारके,

पर्यटक असणं हे फार कंटाळवाणं काम आहे. रोज उठून काय बघायचं? चौकातल्या पुतळ्यासमोरून नऊ वर्षं मी कामाला जाताना धावत गेले, काल त्याच्यासमोर बसून राहिले. एका कुटुंबाने मला त्यांचा फोटो काढायला लावला. बापाचा वरचा एक दात नकली होता, रंग साफ चुकलेला. मी फोटो काढायच्या ऐवजी त्या दाताकडेच बघत बसले. शेवटी त्याची बायको म्हणाली, झालं का?

हात शिवशिवतात. इथे टेबलावर मेण घेऊन सराव करते, पण दात भाजायला भट्टी नाही, घासायला चक्की नाही. आणि खरं सांगायचं तर रोज लॅबसमोरच्या बसथांब्यावर येऊन बसते. बस घेत नाही. तिथून काचेतून माझी खुर्ची दिसते. तू ती वर करून घेतलीस. नऊ वर्षं ती खुर्ची माझ्या उंचीला होती. काल तू संगणकावर काहीतरी बघून हसत होतीस आणि म्हातारा मागे उभा राहून मान डोलवत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिथल्या तिथे आत येऊन खुर्ची खाली करावीशी वाटली.

आईशी बोलले. तिला मी सांगितलेलंच नाही की मी वेगळी राहते, आणि तिला सगळं माहीत आहे. म्हणजे तू सांगितलंस. "बारकी रोज फोन करते," असंही तिने ऐकवलं. करू दे. तिला रोज फोन करायला राहण्याचं कार्ड लागत नाही, तरी मला त्याचाही हेवा वाटला.

परीक्षेचा नियम तुला माहीत आहे. आपापला माणूस आपण न्यायचा. त्याच्या तोंडात दोन शाबूत दातांच्या मधे एक रिकामी जागा हवी. दोन दिवसांत तिथे बसेल असा दात त्याच्यासमोरच बनवायचा, शेजारच्या दातांना रंगरूपाने जुळला पाहिजे. गेल्या वर्षी आपलं काय ठरलं होतं तेही तुला आठवत असेल. तुझा वरचा डाव्या बाजूचा दात जन्मापासून आलाच नाही, तेव्हा परीक्षेला तोंड तुझंच. तू आलीस तेव्हा मी घाईत करून दिलेला काढघालीचा दात तू अजून लावतेस, हे बसथांब्यावरूनसुद्धा दिसतं. त्याची कड पिवळी पडलीय.

तर ते आता रद्द. मला तुझं तोंड नको. घरमालकीणबाई तयार झाल्यात. त्यांच्या बाजूच्या एका दाताची जागा रिकामी आहे, वरचा सूर लावला की तिथून शिट्टी वाजते. मुलं हसतात म्हणून त्यांनाही दात हवाच आहे.

ताई


२६ मार्च

बारके,

हे पत्र घाईने लिहितेय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

आज परीक्षा कचेरीत कागद दाखवायला गेले. तिथल्या माणसाने पासपोर्टचं पान न पान उलटलं आणि विचारलं, पाहुणी म्हणून प्रवेशाचा शिक्का कुठे आहे? मी म्हटलं, गेल्या महिन्यात सीमेवर जाऊन आले ना. तो म्हणाला, कुठल्या दारातून? मी पासपोर्टकडे हात केला. त्यालाच कळलं. रहिवाशांच्या दारातून आत आलात तर तुम्ही रहिवासी म्हणून आलात, आणि तुमचं कार्ड अठ्ठावीस तारखेला संपलं. तेव्हापासून तुम्ही इथे कोणीच नाही. पाहुण्यांच्या रांगेत उभं राहायचं होतं, कार्ड तिथल्या खिडकीत द्यायचं होतं, मग शिक्का मिळाला असता. शिक्का असेल तरच परीक्षेला बसता येईल.

कागद उचलून मी बाहेर आले.

आणि आता तुला खरं सांगते, कारण दुसरं कोणाला सांगू? खिडकीतल्या बाईने मला कार्ड परत करायला बजावलं होतं. मी ते पत्रात लिहिलंही होतं तुला. पण डिलिव्हरीवाला शेजारी होता. मी पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिले असते तर तो लॅबमध्ये येऊन सांगणार, मोठ्या मॅडम टोपीवाल्यांच्या रांगेत उभ्या होत्या हो. आणि तू ते ऐकणार, माझ्या खुर्चीत बसून. तुझ्याकडे दोन वर्षांचं नवं कार्ड. तू ऐकून वाईट वाटून घेतलं असतंस, तुझा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. तू हसली असतीस तर परवडलं असतं. तुझी कीव मला नको होती. म्हणून मी कार्ड मशीनवर ठेवलं. एका हिरव्या दिव्यासाठी.

सीमेवर पुन्हा गेले आणि त्यांनी आत घेतलंच नाही, तर परीक्षा गेली. बंदी घातली तर पुढच्या वर्षीचीही गेली. नऊ वर्षं पाण्यात. तुला सांगून काही होणार नाही हे माहीत आहे. पत्रपेटीत टाकते तरी.

ताई


३० मार्च

बारके,

काल तू वर आलीस तेव्हा मी दार उघडायला वेळ लावला, कारण मी रडत होते आणि तोंड धूत होते. तुला वाटलं असेल मी मुद्दाम ताटकळत ठेवलं. तसंही थोडं होतं.

मग सीमेपर्यंत रस्ताभर त्या डिलिव्हरी गाडीत आपण तिघं एका बाकावर, आणि मी खिडकीकडे तोंड करून. तू दोनदा विचारलंस, "ताई, ऊन लागतंय का?" मी दोनदा नाही म्हटलं. लागत होतं.

आता सीमेवरचं. मला वाटलं होतं तू परतताना रहिवाशांच्या दारातून जाशील आणि आत माझी वाट बघशील. तुझ्याकडे कार्ड आहे, तुला काय. तू कार्ड पर्समध्ये टाकलंस आणि माझ्यामागे येऊन उभी राहिलीस. पुढच्या पोराचा फुगा सारखा तुझ्या तोंडावर येत होता. शिपाई येऊन तुला म्हणाला, बाई, तुमची रांग ही नाही. तू म्हणालीस, "मी ताईबरोबर आहे." एवढंच. त्याने खांदे उडवले.

अधिकारी तरुण होता आणि त्याने मला चांगलंच फैलावर घेतलं. महिनाभर बेकायदा राहिलात, कळतं का तुम्हाला? तू मधे तोंड घालून माझी परीक्षा, माझे हात, माझी नऊ वर्षं सगळं सांगायला लागलीस. त्याला माझ्यापेक्षा तुझं बोलणं पटत होतं, हे बघून तिथेसुद्धा माझ्या पोटात दुखलं. माझं आयुष्य तू माझ्यापेक्षा चांगलं सांगतेस. शेवटी दंड, पुन्हा असं केलं तर बंदी अशी ताकीद, आणि शिक्का. आज मी कायद्याने पाहुणी आहे.

दंड तू भरलास. तो मी फेडेन, त्याबद्दल बोलायचं नाही.

परतताना तू विचारलंस परीक्षेला तोंड कोणाचं. मी म्हटलं, आहे माझ्याकडे. तू बरं म्हणालीस आणि जिभेने तो पिवळा दात आतून चाचपडलास. ही तुझी लहानपणापासूनची सवय. दात नव्हता तेव्हा नुसती जागा चाचपडायचीस.

ताई


५ एप्रिल

बारके,

घरमालकीणबाईंनी हात वर केले. दोन दिवस तोंड उघडून बसायचं म्हणजे त्यांना धाप लागेल, आणि घशावर ताण आला तर गाणं कोण शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. मी समजूत घालून पाहिली. त्यांनी मला एक रियाज ऐकवला, शिट्टीसकट, आणि म्हणाल्या, ही आता माझी ओळख आहे.

परीक्षा सहा दिवसांवर. कोणी मिळत नाही. काल चौकात त्या नकली दातवाल्या बापाला शोधायला गेले होते, यावरून काय ते समज.

मला तुझं तोंड पाहिजे.

लिहायला किती वेळ लागला ते विचारू नकोस. येणार असशील तर खिडकीखालून हाक मार. लिपस्टिक लावून येऊ नकोस, रंग कळत नाही.

ताई


१३ एप्रिल

बारके,

तू काल संध्याकाळी परीक्षेच्या दारातूनच निसटलीस. मी बाहेर आले तेव्हा फक्त डिलिव्हरीवाला होता. त्यामुळे जे काही बोलायचं ते पुन्हा कागदावरच.

पहिल्या दिवशी सकाळी हजेरी झाली. माझं नाव पुकारलं, मी हात वर केला. लगेच तुझं पुकारलं. मला वाटलं माणसांचीही हजेरी घेतात. तेवढ्यात परीक्षकबाईंनी पुन्हा पुकारलं, मग तिसऱ्यांदा, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर 'गैरहजर' अशी चिठ्ठी चिकटवली. आडनाव एक, म्हणून टेबल शेजारी. त्यावर सुऱ्या, मेण, दिवा, सगळं मांडलेलं. आणि तू माझ्या खुर्चीत आ वासून, छताकडे बघत.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हिने परीक्षेचा अर्ज भरला होता. मला न सांगता. म्हाताऱ्याचा परवाना मिळाला, खुर्ची मिळाली, आई मिळाली, आणि आता माझ्या परीक्षेलाही माझ्या शेजारी बसून मला मागे टाकणार होती. एवढंच डोक्यात आलं. तू तिथे का बसलेली नाहीस, हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही. मत्सराला पुढचं दिसत नाही.

मग मी रंगांची पट्टी घेतली. तुला खिडकीजवळ नेलं. तुझं तोंड उघडं असल्यामुळे बोलत मीच होते, जास्त आवाजात बोलत होते, हे आता आठवतं. योग्य रंग मला पहिल्या नजरेत कळला होता. तुझे दात मी लहानपणापासून बघतेय. तरी माझ्या हातात त्याच्या शेजारची, थोडी गडद पट्टी होती. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि फिके दिसतात, नवशिकी माणसं तिथेच फसतात. मी उलट्या बाजूने फसले असते तर कोणाला काय कळलं असतं? नापास झाले नसते, काठावर पास झाले असते. आणि तू प्रत्येक वेळी हसताना तो एक दात जरासा मळलेला दिसला असता. बसथांब्यावरूनसुद्धा.

मी ती पट्टी किती वेळ धरून होते कोण जाणे. तुला अवघडलं असणार. मग मी म्हटलं, "तोंड मिट. जिभेने ओले कर दात. आता उघड." आणि बरोबर रंगाची पट्टी उचलली. चांगुलपणाने उचलली असं लिहायला मला आवडलं असतं. पण मागे परीक्षकबाई येऊन उभ्या होत्या, आणि चुकीचा रंग माझ्या हातून जाईना. दोन्हींतलं जास्त कुठलं होतं ते मला नाही सांगता येत.

दुसऱ्या दिवशी दात बसवला. कडेला किंचित निळसर झाक दिली, तुझ्या उजव्या दाताला आहे तशी. परीक्षकबाईंनी भिंग लावून बघितलं आणि त्यांना कुठला नवा, कुठला जुना ते सांगता येईना. त्यांनी तुला आरसा दिला. तू हसलीस. तू नेहमी ओठ मिटून हसतेस, काल पहिल्यांदा उघडून हसलीस. आणि तुला सांगते, मला तुझा हेवाच वाटला. मी नऊ वर्षं लोकांचं हसू करतेय आणि सगळ्यांत चांगलं केलं ते तुझं. आधीच तू दिसायला माझ्यापेक्षा बरी.

तू पळालीस. मी बाहेर आले तर डिलिव्हरीवाला भिंतीला टेकून सिगारेट ओढत होता. मी म्हटलं, सोडली होती ना? तो म्हणाला, "छोट्या मॅडमनी सोडायला लावली होती, दातांवर डाग नकोत म्हणून. त्यांच्या परीक्षेला त्यांचा माणूस म्हणून मीच बसणार होतो ना. महिनाभर ओढली नाही. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, राहू दे, ताईला माणूस नाही." परीक्षार्थीला दुसऱ्याचा माणूस म्हणून बसता येत नाही, हे त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. तू खिडकीखालून हाक मारलीस तेव्हा मी फक्त लिपस्टिक लावलीय का ते बघितलं.

तुझं कार्ड म्हाताऱ्याच्या सहीवर आहे. त्याने उद्या नारळ दिला तर तूही माझ्यासारखीच. ही परीक्षा झाली असती तर सुटली असतीस. आता एक वर्ष त्याच्या मर्जीवर.

मी तुझ्या दारात येऊन बेल वाजवणार होते. गेलेही होते. घरात तो नवा दिवा लागलेला दिसला. मला आत यावंसं वाटेना. आजवर एक गोष्ट तरी माझ्याकडे होती, की मी मोठी, मी देणारी. तीही तू घेतलीस. आता चांगुलपणातसुद्धा तू पुढे. मी तुझे आभार मानायला हवेत, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हे हिने का केलं, हे मी करायला हवं होतं.

ताई


२ जून

चि. बारकीस,

आशीर्वाद. ह्या वेळी खरा आहे.

घरी येऊन आठवडा झाला. पाहुणी होते, मुदत संपायच्या आत निघाले. ह्या वेळी बाहेर पडतानाचा शिक्काही बघून घेतला. परीक्षेचा निकाल काल आला. पास. दात बनवण्यात पहिली. पण परवान्याची फाइल तिथल्या कचेरीत फिरतेय, कागद यायला वर्षही लागेल म्हणतात. तोपर्यंत मी इथे, तू तिथे. तू रोज सकाळी माझ्या खुर्चीत. ती वर केलेलीच असेल.

आईने पेढे वाटावेत तसा तुझा फोटो सगळ्यांना वाटला. दात दाखवून हसतेयस तो. "बारकी किती गोड दिसते गं," असं प्रत्येक जण म्हणतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, कुठल्या मोठ्या डॉक्टरकडे गेली होती का? मी म्हटलं, तो दात मी केलाय. त्या म्हणाल्या, हो का, आणि पुन्हा फोटो बघायला लागल्या. आईला मी परीक्षेचं सगळं सांगितलं, तुझ्या रिकाम्या टेबलासकट. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "बारकीच ती." माझ्या पहिल्या नंबराबद्दल एक अक्षर नाही. जळफळाट काही गेलेला नाही, एवढं समजून घे. कमी झालाय असंही म्हणणार नाही. फक्त तुझा नंबर ब्लॉकमधून काढलाय, तोही आईच्या फोनवरून तुला लागेना म्हणून.

आता कामाचं. पुढच्या एप्रिलची परीक्षा तू द्यायचीस. अर्ज ह्याच महिन्यात भर. म्हाताऱ्याला विचारत बसू नकोस. स्कॅनरबिनर विसरून रोज एक तरी दात मेणात कोर, तुझी सुरी अजून उलट्या बाजूला झुकते. आणि डिलिव्हरीवाल्याला सांग, त्याची गरज नाही, खुशाल सिगारेट ओढ म्हणावं. तुझ्या परीक्षेला दुसऱ्या कोणाचं तोंड मला चालणार नाही. कागद आला तर रहिवासी म्हणून येईन, नाही तर पाहुणी म्हणून. रंग चुकवलास तर उघड्या तोंडाने सांगेन.

काल दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. उजव्या बाजूची खालची दाढ बरेच दिवस दुखतेय, तिच्या दोन्ही बाजूंच्या दाढा अगदी शाबूत आहेत. डॉक्टर म्हणाल्या, काळजी करू नका, वाचवता येईल. मी म्हटलं, काढून टाका.

तुझी,
ताई